पडला कंपायलर, आरोपी मात्र आपण?

प्रोग्रामरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ओ-टू लावल्यावर कंपायलर क्रॅश झाला तर चूक तुमच्या कोडची. ओ-झीरो लावा आणि पुढे चला. रिपोर्ट करू नका, कुणी बघत नाही.’ (कंपायलर म्हणजे आपला कोड मशीनला कळेल अशा प्रोग्राममध्ये बदलणारं टूल. ओ-टू हा त्याला ‘प्रोग्राम वेगवान कर’, म्हणजे ऑप्टिमायझेशन कर, असं सांगणारा पर्याय; ओ-झीरोने ते बंद होतं.)

मेसेजच्या पहिल्या वाक्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर तयार झालेला प्रोग्राम वेडावाकडा वागला, तर आधी आपलाच कोड तपासावा हे खरं. ॲरेच्या बाहेरचं वाचन, साइन्ड इंटिजरचा ओव्हरफ्लो, असं काहीतरी बहुतेकदा सापडतंच. पण ‘इंटर्नल कंपायलर एरर’ येते, म्हणजे कंपायलर स्वतःच कोसळतो, तेव्हा प्रोग्राम अजून जन्मालाच आलेला नसतो. जीसीसी या प्रचलित कंपायलरचं मॅन्युअल इथे आडपडदा ठेवत नाही: इनपुट कसलंही असो, कंपायलर फेटल सिग्नलने मेला तर तो कंपायलरचाच बग. कोड चुकीचा असेल तर त्याने तसं सांगावं, स्वतः कोसळू नये. जीसीसीच्या बगझिलात (बग नोंदवायच्या जागी) बरोबर कोडवर कोसळणं आणि चुकीच्या कोडवर कोसळणं यांना वेगवेगळी लेबलं आहेत, पण नोंद दोन्हींची होते.

मात्र ‘किल्ड’ (सिस्टिमनेच बंद पाडला) असा शब्द दिसला तर आधी रॅम संपली का ते बघा. आणि तीच फाइल एकदा कंपाइल होते, एकदा नाही, असं असेल तर संशय हार्डवेअरवर घ्या.

ओ-झीरो हा तात्पुरता टेकू आहे, आणि तोही सगळीकडे चालत नाही. लिनक्स कर्नल ओ-झीरोवर बिल्डच होत नाही. फोर्टिफाय-सोर्स या पर्यायाची, बफरबाहेरचं लिहिणं पकडणारी सुरक्षा-तपासणीही ऑप्टिमायझेशनशिवाय लागू होत नाही. अख्ख्या प्रोजेक्टला शिक्षा कशाला? अडलेल्या एकाच फाइलला ओ-वन (सौम्य ऑप्टिमायझेशन) देऊन बघा.

‘कुणी बघत नाही’ हे तर साफ खोटं. युटा विद्यापीठाच्या सीस्मिथ या टूलने आपोआप सी प्रोग्राम तयार करून कंपायलरांना खिंडीत गाठलं. २०११च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार तीन वर्षांत ३२५हून अधिक नवे बग कळवले गेले, आणि तपासलेला प्रत्येक कंपायलर वैध कोडवर कधी ना कधी कोसळला होता. (आपण ज्याला देव मानतो, त्याची ही अवस्था.)

हां, स्क्रीनशॉट चिकटवून ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर कुणी बघणार नाही. आधी ताज्या आवृत्तीवर तोच क्रॅश येतो का ते पाहा. मग कंपायलरची आवृत्ती, कमांड जशीच्या तशी, आणि प्रीप्रोसेस केलेली (सगळे हेडर आत उलगडलेली) फाइल द्या. ऑफिसचा कोड बाहेर द्यायची चोरी असेल तर सी-रिड्यूस हे, क्रॅश कायम ठेवून कोड छाटत जाणारं टूल वापरा. हजारो ओळींची फाइल बऱ्याचदा पाच-दहा ओळींवर येते आणि त्यात कंपनीचं नावनिशाण उरत नाही. फक्त दर छाटणीनंतर क्रॅश टिकला का हे बघायला त्याला दिलेल्या तपासणी-स्क्रिप्टमध्ये एररचा नेमका मजकूर शोधा. नुसतं ‘क्रॅश झाला का’ एवढंच विचारलंत, तर छाटता छाटता ते टूल भलत्याच बगवर घसरतं आणि तुम्ही दुसऱ्याच कुणाचं दुखणं कळवून बसता.