चासीला भोक, वर ताजा रंग

गाडी विकायला काढता ना, मग तिच्या पोटाखालचा एक फोटो टाकायला काय जातं तुमचं? मावळत्या सूर्यासमोरचा फोटो आहे. बोनेटवरच्या अक्षरांचा अगदी जवळून काढलेला आहे. स्टिअरिंगचा आहे, नव्या टायरच्या खाचांचा आहे, मागे टांगलेल्या त्या रिकाम्या डिझेलच्या डब्याचासुद्धा आहे. चासीचा, म्हणजे अख्खी गाडी ज्या पोलादी सांगाड्यावर बसते त्याचा? नाही. त्या सांगाड्याच्या मागच्या आडव्या दांडीचा, क्रॉस मेंबरचा? नाही. मागितला की उत्तर ठरलेलं. "गाडी एकदम सॉलिड आहे, येऊन बघा ना!" अरे, येऊन कुठे बघू? मध्ये समुद्र आहे! परदेशातून जुनी फोर व्हील ड्राइव्ह मागवणाऱ्याला गाडी ठोकून बघता येत नाही, जमिनीवर आडवं पडून खाली टॉर्च मारता येत नाही. तुम्हाला हे चांगलं ठाऊक असतं आणि तुमचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

माझ्या गळ्यात मारलेली गाडी टोयोटाची 40 सिरीजची डिझेल लँड क्रूझर. जपानहून आलेली, पूर्ण रीस्टोअर केलेली, म्हणे. बंदरातून सोडवली, रॅम्पवर चढवली आणि खालून बघितलं तर सगळीकडे काळंभोर डांबर. ओलं वाटावं इतकं ताजं. चाकांच्या कमानीत डांबर, ब्रेकच्या नळ्यांवर डांबर, प्रॉपेलर शाफ्टमध्ये ग्रीस भरायचं जे तोंड असतं, त्या ग्रीस निपलवरसुद्धा डांबर. ग्रीस निपल बुजवणारा माणूस कसली डोंबलाची गाडी रीस्टोअर करतोय?

मागच्या पाट्या, म्हणजे लीफ स्प्रिंग, चासीला जिथे टांगतात त्या हँगरजवळ पेचकस टेकवला. जोर लावला नाही, नुसता टेकवला. मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तर त्यामागून तपकिरी भुगा आणि ओलसर माती भळाभळा खाली. मग खरवडायलाच बसलो. डांबराखाली रंग, रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली फायबरचं कापड, आणि कापडाखाली काहीच नाही. पत्राच नाही! बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथे वासाच गायब होता. आणि हा काही दाराचा कोपरा नाही हो, शोभेची पट्टी नाही. मागचा अख्खा ॲक्सल ज्या पाट्यांवर असतो, त्या पाट्या या हँगरला धरून असतात. भरली गाडी, उतार, खड्डा आणि हे कापड! कुणाच्या जिवाशी खेळतोय याची जाणीव त्या पुट्टी भरणाऱ्या हातांना नव्हती असं मी मानणार नाही. कापड इतकं नीट कापून चिकटवलं होतं की भोक त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

या गाड्यांची चासी चारही बाजूंनी बंद असते. चिखल, पाणी आणि बर्फाच्या मुलखात रस्त्यावर टाकतात ते मीठ, हे सगळं भोकांतून आत शिरतं आणि तिथेच बसतं. पाणी निघून जायची भोकं मातीने बुजतात. मग गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर फोड दिसेपर्यंत आतला निम्मा पत्रा खलास झालेला असतो. अशा वेळी वरून डांबर मारलं की उरलीसुरली ओलही आत कोंडते. स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर प्रायमर मारून मग अंडरकोटिंग केलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घासायला वेळ लागतो, अंगभर धूळ बसते आणि फोटोत काही दिसत नाही. डांबर अर्ध्या तासात मारून होतं.

लँड रोव्हर विकणारे तर याच्याही वरताण. "अहो, ॲल्युमिनियमची बॉडी आहे, गंजायचा प्रश्नच नाही!" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला चासीखाली झोपवून वर ग्राइंडर चालवला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून रोव्हरने 1948 च्या पहिल्या लँड रोव्हरला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा लावला. बरोबर. पण चासी पोलादाची, इंजिन आणि केबिन यांच्यामधला बल्कहेड पोलादाचा, दाराच्या चौकटी पोलादाच्या. ओल असताना ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झडायला लागतं, पांढरी पूड सुटते. म्हणजे या गाडीत दोन्ही धातू सडतात, एक तपकिरी होऊन आणि एक पांढरा होऊन. आणि "लोहचुंबक घेऊन जा, पुट्टी लगेच कळते" असं छातीठोकपणे सांगणारे शहाणे! लँड रोव्हरच्या दाराच्या पत्र्यावर चुंबक लावून दाखवा बरं एकदा.

कागदांची भानगड वेगळीच. माझ्या लँड क्रूझरचा चासी नंबर चासीवरच, उजव्या हाताला पुढे ठोकलेला असतो. तपासणाऱ्याला तो कागदाशी ताडून बघायचा असतो. त्यावरही डांबर! रॉकेलचा बोळा आणि वायर ब्रश घेऊन मीच तो खणून काढला. जपानी कागदावर पहिल्या नोंदणीची तारीख असते आणि जुन्या कागदावर ती शोवा सालात, म्हणजे जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेल्या सालात असते. शोवा 57 म्हणजे 1982. 25 वर्षं जुनी झालेली परदेशी गाडी सहज आणू देणारा अमेरिकेचा 25 वर्षांचा नियम मोजतो तो गाडी बनल्याच्या तारखेपासून, नोंदणीच्या नाही. विकणारे मात्र सोयीप्रमाणे कधी हे साल सांगतात, कधी ते. त्या नियमात बसायला लागल्यापासून जपानमधल्या साध्या कामाच्या डिझेल गाड्यांनाही सोन्याचा भाव आलाय. आणि भाव आला की रंगाऱ्यांची झुंबड उडते.

कारण बाजार पैसे रंगाला देतो. एखाद्याने प्रामाणिकपणे गंज उघडा ठेवला, "इथे भोक आहे, इथे वेल्डिंग लागेल" असं लिहून दिलं, तर लोक त्याच्याकडे घासाघीस करतात. शेजारी तीच गाडी बेज रंग, पांढरं छत, नवी सीट कव्हरं लावून उभी असते, तिला तिप्पट किंमत आणि हार घालायला रांग! मग कोण कशाला पत्रा कापून नवा लावेल? त्यात वेळ जातो, वेल्डर चांगला लागतो आणि शेवटी सगळं खाली झाकलं जातं, कुणाला दिसतही नाही.

आता गळतीचं ऐका. पुढच्या चाकांच्या आतला तो गोल नकल, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, त्याच्यावर काळा चिकट थर. विचारलं तर हसून म्हणतात, "जुनी फोर व्हील ड्राइव्ह आहे, गळणारच! गळत नसेल तर आत ऑइल संपलंय समजा." झिजलेला विनोद आहे हा, आणि सांगणाऱ्याला दरवेळी नवीन वाटतो. ॲक्सलच्या नळीच्या टोकाला एक ऑइल सील असतं. ते गेलं की डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यातलं ऑइल नकलमध्ये येतं, तिथल्या ग्रीसमध्ये कालवलं जातं आणि त्याची काळी लापशी होऊन बाहेर पडते. सील असतं तळहाताएवढं, पण तिथे पोचायला हब उघडा, बेअरिंग काढा, स्पिंडल काढा, जॉइंटसकट शाफ्ट ओढा, कोपरापर्यंत हात त्या घाणीत घाला. हे काम केलंय असं बिलात लिहिलं होतं. बिलात! आणि स्पिंडलच्या बोल्टांची डोकी बघितली तर त्यांच्यावरून सलग रंग. बोल्ट आणि पत्रा यांच्यामध्ये रंगाला एक चीरसुद्धा नाही. पाना लागला असता तर रंग उडाला असता की नाही? कित्येक वर्षांत त्या बोल्टला कुणी हात लावलेला नाही. फक्त ब्रश लावलाय.

सुटे भाग विकणाऱ्यांची एक स्वतंत्र जमात आहे. त्यांचं ब्रीदवाक्य, "सगळ्या 40 ला बसतं." 40 सिरीज 1960 पासून 1984 पर्यंत बनत होती. या काळात पेट्रोल इंजिनं बदलली, डिझेल इंजिनं आली, गिअरबॉक्स बदलले, काहींना पुढे ड्रम ब्रेक, काहींना डिस्क. आणि याचं सगळ्यांना बसतं! दाराचं रबर मागवलं, बसवलं, आणि दार लागेना. खांद्याने ढकललं तर लागलं, मग उघडेना. मूळ रबर मऊ आणि पोकळ होतं, हे भरीव. परत पाठवायचं म्हटलं तर "एकदा चिकटवलेलं घेत नाही." चिकटवल्याशिवाय कळणार कसं, महाराज? टोयोटाने 2021 मध्ये 40 सिरीजचे काही जुने भाग पुन्हा बनवायचं जाहीर केलं तेव्हा जीव भांड्यात पडला होता. पण आपल्याला नेमकं जे हवं ते यादीत असेलच असं नाही, मग पुन्हा त्याच "बसतं"वाल्यांच्या दारात.

आणि वायरिंग! ते तर माझ्या रक्तदाबाचं मूळ आहे. जपानी बाजारातल्या यातल्या बऱ्याच डिझेल गाड्या 24 व्होल्टच्या. 12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. कुणा दीडशहाण्याला 12 व्होल्टचा रेडिओ आणि पुढचे जादा दिवे लावायचे होते. 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर रीतसर लावायचा सोडून त्याने दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर उचलली. आता ही बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी भरलेलीच राहते. चार्जिंग मात्र दोघींना मिळून एकत्र. उतरलेली कधी पूर्ण भरत नाही आणि भरलेली उकळत राहते. बोनेट उघडलं की सडक्या अंड्यांचा वास. एक बॅटरी मेलेली, दुसरी तापून फुगलेली. विकणाऱ्याचं म्हणणं काय, तर "बॅटऱ्या जुन्या झाल्या असतील, नव्या टाका." नव्या टाकल्या असत्या तर त्याही अशाच गेल्या असत्या, कारण ती वायर डॅशबोर्डच्या मागे, टेपच्या गोळ्यात लपलेली. त्या टेपच्या गोळ्यातून निघालेल्या सगळ्या वायरी लाल. अर्थिंगचीसुद्धा लाल! लाल वायरचं भेंडोळं स्वस्तात मिळालं असणार, दुसरं कारण मला सुचत नाही.

यावर फुकटचे सल्ले देणारे आहेतच. "सरळ 12 व्होल्ट करून टाक." म्हणजे स्टार्टर, अल्टरनेटर, ग्लो प्लग, वायपरची मोटर, सगळे रिले आणि बल्ब बदलायचे. "सरळ" म्हणे! दुसरा म्हणतो, आधुनिक इंजिन बसव. तिसरा म्हणतो, मूळचा एक नटसुद्धा बदललास तर गाडीचा आत्मा जाईल. आत्मा राहू दे बाजूला, आधी हँगर चासीला राहू दे.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते एका प्रश्नाने. गाडी उघडी पडलीय, बॉडी चासीवरून उतरवलीय, चासीचा सडका भाग कापून नवा जाड पत्रा वेल्ड होतोय, आणि येणारा प्रत्येक जण कंबरेवर हात ठेवून विचारतो, "मग, रंग कुठला मारणार?" पुढच्याने हे विचारलं तर त्याच्या हातात वायर ब्रश देणार आहे. डाव्या बाजूची अख्खी चासी अजून घासायची बाकी आहे.