अँग्विलाचे डॉल्फिन आणि कोपऱ्यातला युनियन जॅक

एखाद्या चिमुकल्या बेटाच्या ध्वजावर युनियन जॅक दिसला की ‘गुलामीची खूण’ म्हणून आपण मोकळे होतो. कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विलाच्या बाबतीत हा निवाडा मला उतावीळपणाचा वाटतो.

१९६७ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला यांची एकत्र मोट बांधून त्यांना अंतर्गत स्वायत्तता दिली आणि सत्ता सेंट किट्सच्या रॉबर्ट ब्रॅडशॉ यांच्या हाती गेली. सहाएक हजार वस्तीच्या अँग्विलाला हा शेजारधर्म मुळीच मान्य नव्हता. ३० मे रोजी लोकांनी सेंट किट्सच्या पोलिसांना बेटाबाहेर घालवून दिले आणि ११ जुलैच्या सार्वमतात वेगळे होण्याच्या बाजूने १,८१३ मते पडली, विरोधात अवघी ५!

त्या बंडाचे निशाण फार देखणे होते. पांढऱ्या पटावर एकमेकांच्या पाठोपाठ वर्तुळात झेपावणारे तीन नारिंगी डॉल्फिन आणि तळाशी फिरोजी रंगाचा आडवा पट्टा. पट्टा म्हणजे समुद्र, पांढरा रंग शांततेचा आणि डॉल्फिन चिकाटी, एकजूट व सामर्थ्याचे, असा त्याचा अर्थ सांगतात.

या लोकांना मुळात ब्रिटनपासून सुटायचे नव्हते, सेंट किट्सपासून सुटायचे होते. लंडनने दाद दिली नाही तेव्हा १९६९ च्या फेब्रुवारीत त्यांनी प्रजासत्ताक जाहीर केले. त्यावर १९ मार्चला ब्रिटनने छत्रीधारी सैनिक आणि लंडनचे पोलीस उतरवले, आणि प्रतिकार असा झालाच नाही. पुढे १९७१ मध्ये थेट ब्रिटिश कारभार आला, तर १९८० मध्ये सेंट किट्सपासून अधिकृत फारकत मिळाली. भांडून मिळवलेल्या नात्याची खूण म्हणून तो युनियन जॅक मला खटकत नाही.

खटकतो तो १९९० चा अधिकृत ध्वज. निळा पट, कोपऱ्यात युनियन जॅक आणि उजवीकडे छोट्याशा ढालीत कोंबलेले तेच तीन डॉल्फिन. केमन बेटे, माँटसेरात यांचे ध्वजही याच साच्यातले असल्यामुळे दुरून कोणता कोणाचा हे ओळखता येत नाही. (बेटावर जुना ध्वज अजूनही हौसेने फडकवतात, यात नवल नाही.) युनियन जॅक ठेवण्यासाठी निळा पट घ्यायलाच हवा होता, असेही नाही, प्रशांत महासागरातल्या नियूने १९७५ मध्येच तो भडक पिवळ्या पटावर बसवला होता. अँग्विलालाही आपल्या पांढऱ्या पटाच्या कोपऱ्यात तो सामावून घेता आला असता.