तो ‘डेक’ जहाजाचा नाही!

सोलापुरातल्या इंग्रजी शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘द डेक इज स्टॅक्ड अगेन्स्ट मी’ म्हणजे जहाजाच्या डेकवर माल रचून वाट अडवली, सबब ‘मला कामाचा फार बोजा आहे’ असं त्याचं भाषांतर! आमच्या नवी पेठेतल्या कट्ट्यावरही दोघांनी ते पाठ केलंय. ते चूक आहे.

इथला डेक म्हणजे पत्त्यांचा कॅट, 52 पानांचा. अमेरिकन माणूस ‘डेक’ म्हणतो, ब्रिटिश बहुधा ‘पॅक’. स्टॅक करणं म्हणजे पिसल्याचं सोंग करून पानं आधीच हवी तशी लावून ठेवणं. मेंढीकोटात चारही दहिल्या एकाच जोडीकडे जाव्यात अशी पानं कुणी लावली, तर तुम्ही खेळणार काय, कपाळ? शकुनीचे फासेच ते. म्हणजे वाक्याचा अर्थ ‘डाव आधीच माझ्याविरुद्ध लावलेला आहे’; कामाच्या बोज्याचा इथे काही संबंध नाही.

वापरताना मात्र जपा. ‘ही स्टॅक्ड द डेक’ म्हटलं की तुम्ही त्या माणसावर सरळ लबाडीचा आरोप करता. ‘ऑड्स आर स्टॅक्ड अगेन्स्ट अस’ त्या मानाने मवाळ: परिस्थिती प्रतिकूल आहे, कुणी मुद्दाम केलंच असं नाही. यंत्रमागवाल्याला सुताचे भाव चढले तर दुसरं वाक्य चालेल. टेंडरच्या अटी एकाच ठेकेदाराच्या मापाने शिवल्या असतील, तर पहिलं.

आणि साहेबांना रजेच्या अर्जात यातलं काहीच लिहू नका. कामाचा ताण सांगायचाय ना? ‘आय अॅम ओव्हरलोडेड’ पुरे.