ग्रँट पाहिजे ना भाऊ? मग चालणारं मशीन लपवा

भाऊ, सर्वात पहिले एक सांगा, तुमचं मशीन चालते का? म्हणजे खरंच चालते, शेतात लावलं की काम करते अन् शेतकरी खिशातून पैसे काढून देते, असं? तर मग एवढ्यात कोणाले सांगू नका. सरकारी इनोव्हेशन ग्रँट मिळवायची तर चालणारं मशीन हीच सगळ्यात मोठी अडचण आहे आणि आपल्याकडची पोरं नेमकी इथंच मार खातात.

समजा, तुम्ही नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एक गाळा भाड्यानं घेतला आणि दोन-तीन पोरं घेऊन मातीतला ओलावा मोजायचं यंत्र बनवलं, संत्र्याच्या बागेसाठी. काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराच्या, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्याच्या आधी, झाडाला पाण्याचा ताण देतात, म्हणजे पाणी बंद ठेवतात, हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत बसता बसत नाही, आणि पाणी देऊन तो कधी तोडायचा हे लोक पानांचा रंग अन् अनुभव पाहून ठरवतात. तुमचं यंत्र तेच आकड्यात सांगते. दोन बागाईतदारांनी विकत पण घेतलं. झालं ना नुकसान! कारण फॉर्ममध्ये टीआरएल नावाचा रकाना असतो, टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हल, म्हणजे यंत्र किती तयार झालं याचं १ ते ९ असं माप, मुळात नासावाल्यांनी काढलेलं. तिथं २ लिहिलं तर "ही तर नुसती आयडिया आहे", ९ लिहिलं तर "तुमचं तर मार्केटमध्ये आलं, आता ग्रँट कायले पाहिजे?" तुम्ही ४ लिहा. मागच्या वर्षी ४ होतं, यंदाही ४, पुढच्या वर्षीपण ४च राहू द्या. त्या दोन बागाईतदारांना प्रेझेंटेशनमध्ये "पायलट यूजर" म्हणा आणि त्यांना तसं फोन करून सांगून ठेवा, नाहीतर कमिटीसमोर ते "चांगलं आहे, मी साळ्यासाठीपण घेतो" असं काहीतरी बोलून जातील.

आता कंपनी. तुमची प्रोप्रायटरशिप असेल, म्हणजे बोर्डावर नाव आणि बँकेत करंट अकाउंट, तर विसरा, केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडियाच्या मान्यतेत ती बसत नाही. प्रायव्हेट लिमिटेड करा. विक्री शून्य असली तरी ऑडिट लागते, आरओसीचे, म्हणजे कंपनी रजिस्ट्रारचे फॉर्म लागतात, डिजिटल सहीचं पेनड्राइव्ह लागते जे दर दोन वर्षांनी एक्सपायर होते आणि नेहमी शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्रीच होते. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी मात्र १ जुलै २०२० पासून पोर्टलवर फुकट आहे, म्हणून ती करून द्यायचे पैसे घेणारे लोक तुम्हाला सीताबर्डीत एका फोनवर भेटतील.

कंपनी कधी काढायची हा त्याहून नाजूक प्रश्न. २०२१ च्या एप्रिलमध्ये स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आली, ९४५ कोटींची, देशभरातल्या तीनेकशे इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थांमार्फत, ३,६०० उद्योजकांना द्यायचे असा हिशोब. प्रोटोटाइप अन् ट्रायलसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट, बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत, पण ते कर्ज म्हणून किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर म्हणून, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे. तिचे नियम तोंडपाठ करा, बाकीचे बरेच फॉर्म त्याच चालीवर असतात. त्यात अट अशी होती की अर्ज करतेवेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणजे तुम्ही इमानदारीनं पहिल्या दिवशी कंपनी काढली, दोन उन्हाळे सेन्सरच्या मागे घालवले, सेन्सर चालू झाला, आणि तोपर्यंत तुम्ही म्हातारे झाले. मग तुमच्या डोक्यात येईल की जुनी बाजूला ठेवू अन् नवीन काढू. तोही रस्ता बंद आहे भाऊ, चालू धंद्याचे तुकडे करून काढलेली कंपनी स्टार्टअप धरत नाहीत. आपल्याआधी कोणीतरी हा विचार करून बसलेला असतोच.

आयटी पार्कात तुमचा एखादा मित्र नुसतं अॅप बनवत असेल तर त्यालाही सल्ला देऊन टाका. निधी-प्रयास या केंद्राच्या योजनेत १० लाखांपर्यंत मिळते पण हातात धरता येईल असा प्रोटोटाइप पाहिजे, नुसतं सॉफ्टवेअर चालत नाही. त्यानं अॅपला एक डबा जोडावा. डब्यात काय हे नंतर पाहू, बाहेरून हिरवा एलईडी लुकलुकला पाहिजे.

मग येते कमिटी. ऑनलाइन असली तर निम्म्यांचे कॅमेरे बंद राहतात, समोरासमोर असली तर प्रोजेक्टर. दोन प्रश्न ठरलेले आहेत. पहिला, "हे तर इस्राईलमध्ये कधीचंच आहे, मग यात नवीन काय?" तुम्ही सांगाल की आपल्या काळ्या जमिनीसाठी, नागपुरी संत्र्यासाठी असं कोणी केलं नाही. की लगेच दुसरा, "कोणीच केलं नाही म्हणजे मार्केट नसंल ना?" याचं उत्तर शोधत बसू नका, याला उत्तर नाही. स्लाइड बदला अन् एआय म्हणा. तुमच्या यंत्रात एआय नाही हे मला माहीत आहे, एक आकडा दुसऱ्या आकड्यापेक्षा कमी झाला की मेसेज जाते, एवढंच आहे ते. पण "प्रेडिक्टिव्ह" म्हटल्यावर कॅमेरे चालू होतात, पाहा करून. पाच वर्षांच्या कमाईचं एक्सेल पण लागते, तिथं लाजू नका, पाचव्या वर्षी जेवढी विक्री दाखवाल तेवढ्या संत्र्याच्या बागा विदर्भात आहेत का हे कोणी मोजत नाही.

हे लिहायला कन्सल्टंट घ्या. धरमपेठेत कॉफी पिऊन राहिले असतात. आधी थोडे, मंजूर झाल्यावर टक्केवारी. ते तुमचं यंत्र कधीच पाहणार नाहीत आणि तेच बरं आहे, पाहिलं की लिहिण्यातला जोर जाते. मग तुमच्या प्रपोजलमध्ये "मातीत दोन खिळे रोवून ओलावा मोजणे" याचं जे काय बनून येते ते वाचून तुम्हालाच वाटंल की हे कोणीतरी लवकर बनवायला पाहिजे.

समजा मंजूर झालं. अभिनंदन, फोटो काढा, चेक पुठ्ठ्याचा असतो तो घरी ठेवायला जागा करा. आता खरा खेळ वेळेचा आहे. तुम्ही प्रपोजलमध्ये लिहिलं की ट्रायल डिसेंबरात, कारण ताण तेव्हाच असतो. अर्ज मागवायचा कॉल उघडला उन्हाळ्यात, ४५ डिग्रीत तुम्ही फॉर्म भरला, प्रेझेंटेशन दिवाळीनंतर, डिसेंबरात आपल्याकडे हिवाळी अधिवेशन, तेव्हा कोणत्या ऑफिसात कोणी जागेवर सापडते का बे? मग करार, मग बोर्ड रेझोल्यूशन, मग वेगळं बँक खातं, मग कॅन्सल्ड चेक, तो स्कॅन नीट नाही म्हणून परत एकदा. पहिला हप्ता आला तो मार्च एंडच्या गडबडीत. तोपर्यंत आंबियाचा ताण तुटून, फुलं येऊन, फळं सुपारीएवढी होऊन राहिली. आणि करारात लिहिलंय की सहा महिन्यांत दहा एकरावर ट्रायल पूर्ण.

घाबरू नका. मृग बहार लिहा, पावसाळ्याच्या तोंडाशी येणारा फुलोरा. मृगाचाही ताण असतोच, उन्हाळ्यात, कागदावर एकदम बसते. फक्त एक आहे की मृगात ताण पाऊस तोडते, यंत्राला कोणी विचारत नाही. जूनमध्ये तुमचं यंत्र मेसेज पाठवंल की आता पाणी द्या, तेव्हा शेतकरी पावसात ताडपत्री धरून उभा असंल. पण माइलस्टोनमध्ये "यंत्र बसवले व डेटा मिळाला" एवढंच पाहिजे. डेटा मिळाला. जमीन ओली आहे हे सिद्ध झालं. जिओटॅग फोटो काढा, फोटोत शेतकरी हसला पाहिजे.

आता युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसा कुठं खर्च झाला याचा दाखला, जीएफआर १२-ए नावाचा सरकारी फॉर्म, सीएच्या सहीचं. पहिल्या हप्त्याचं हे गेल्याशिवाय दुसरा हलत नाही. त्या वेगळ्या खात्यात पैसे पडून होते तेव्हा बँकेनं थोडं व्याज दिलं असंल, खुश होऊ नका, ते बहुतेक सरकारला परत करावं लागते. सेन्सर खर्चाच्या ज्या हेडमध्ये लिहिला त्याच हेडमधून घ्या, तीन कोटेशन घ्या, ज्या दुकानदाराकडून तुम्ही नेहमी घेता त्यालाच बाकीच्या दोन दुकानांची नावं विचारा, त्याले सवय आहे. वायर "कन्झ्युमेबल" की "इक्विपमेंट" यावर ईमेल झाले तर रागावू नका, त्या ईमेलच्या पलीकडचा माणूसही ऑडिटला घाबरूनच लिहून राहिला असते. हे मात्र मी उपरोधानं म्हणत नाहीये. आणि बँक तारण मागते, घरचे हात वर करतात, तेव्हा प्रोटोटाइपला पैसा देणारं दुसरं कोणी नसते हेही खरं आहे, म्हणून तर सगळे रांगेत.

मधल्या काळात पगार कुठून द्यायचा असं विचारता? इतवारीतल्या दुकानांमध्ये सीसीटीव्ही लावा, बिलिंग सॉफ्टवेअरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम घ्या. आपल्याकडच्या कितीतरी डीप टेक कंपन्या अशाच कॅमेऱ्यावर चालतात. फक्त ते वेबसाइटवर टाकू नका.

फायनल रिपोर्टमध्ये एक शेवटचा प्रश्न राहते, ग्रँट संपल्यावर पुढे काय. तिथं "स्केल-अप" लिहा आणि लगेच दुसरी टॅब उघडा, नवीन कॉल निघाला आहे, शेवटची तारीख आज रात्री १२. पोर्टल संध्याकाळपासून फिरून राहिलं. पीडीएफ २ एमबीच्या आत करा, फाइलच्या नावात स्पेस टाकू नका, आणि कितीही अडकलं तरी रिफ्रेश मारू नका, भरलेलं सगळं जाते.