‘स्वतःला माफ करणारी नर्स रुग्णाचा जीव घेते’ हा संदेश चुकीचा का आहे

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या माझ्या भाचीने औषधाच्या मात्रेच्या गणितात मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत केली आणि ती त्या परीक्षेत नापास झाली. त्याच आठवड्यात तिच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरत आला: विद्यार्थिनींना ‘स्वतःशी मायेने वागा’ असे शिकवल्याने त्या आळशी होतात, स्वतःची चूक माफ करणारी नर्स उद्या रुग्णाचा जीव घेईल, कणखरपणा उपजतच असावा लागतो, ज्यांच्यात तो नाही त्यांनी कोर्स सोडावा. तो वाचून तिने खरोखरच कोर्स सोडण्याची भाषा सुरू केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

या चारांपैकी सर्वांत घातक मुद्दा माफीचा आहे. चुकीचे औषध दिले गेले, तर त्यानंतरची प्रत्येक मिनिट रुग्णासाठी मोलाची असते. नाडी, रक्तदाब आणि श्वसन पाहायचे, इन्चार्ज सिस्टरना आणि डॉक्टरांना तत्काळ सांगायचे, नोंद करायची. ‘मी नालायक आहे’ या विचारात बुडालेली, शिक्षेच्या धास्तीने गप्प बसलेली विद्यार्थिनी यातले काय करणार? स्वतःवरची करुणा म्हणजे चुकीवर पांघरूण, हा समजच मुळात चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये या करुणेची मांडणी केली, तेव्हा स्वतःशी ममत्वाने वागणे आणि चुका सर्वांच्याच हातून होतात याचे भान ठेवणे यांबरोबरच, घडलेले न फुगवता आणि न झाकता पाहणे हेही तिचे अंग मानले.

ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चार प्रयोगांपैकी एकात, आपल्या हातून घडलेल्या गैरवर्तनाकडे करुणेने पाहणाऱ्यांमध्ये भरपाई करण्याची आणि ते पुन्हा न करण्याची इच्छा अधिक दिसली. दुसऱ्या एका प्रयोगात अवघड चाचणीत कमी पडलेल्या ज्या विद्यार्थ्यांना ‘स्वतःवर फार कठोर होऊ नका’ असे सांगितले गेले, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. आळसाच्या आरोपाला एवढे उत्तर पुरे आहे.

संदेशातली एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते: मात्रेच्या गणितात सूट नकोच, कारण मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये 1000 पटींचा फरक आहे. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमधल्या अशा करुणेवरचे बरेच अभ्यास एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे असतात आणि त्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हेही खरे.

कणखरपणा उपजत असतो, हे मात्र मान्य नाही. मानसशास्त्रज्ञ सायमन कॅसिडी यांच्या 2016 च्या शैक्षणिक लवचीकतेच्या, म्हणजे अभ्यासातल्या अपयशातून सावरण्याच्या क्षमतेच्या, 30 विधानांच्या मापनश्रेणीत अपयशानंतर तुम्ही काय कराल हे विचारले जाते, आणि त्यात चिकाटीबरोबरच मदत मागण्यालाही स्थान आहे. म्हणजे तिथे पाहिले जाते ते वागणे, आणि वागणे शिकता येते. माझ्या भाचीला फेरपरीक्षेपर्यंत रोज एककांच्या रूपांतराची दहा गणिते आणि ती तपासून देणारी शिक्षिका हवी आहे. तशी विनंती तिने काल केली.