वावटळ आणि आज्जीचा उपाय
बांगलादेशातल्या २६ एप्रिल १९८९ च्या टोर्नेडोचं वाचलं, १३०० च्या आसपास माणसं गेली म्हणे, अंगावर काटाच आला. आमच्या कोल्हापूरकडं एवढं भयंकर कधी बघितलं नाही, पण लहानपणी मे महिन्यात वळवाच्या आधी एकदा असं वारं सुटलेलं की गुऱ्हाळाचे पत्रे वर दगडं ठेवलेली असूनसुद्धा कागदासारखे उडाले आणि त्यातला एक पत्रा बाभळीच्या बुंध्याला असा गुंडाळला की दुसऱ्या दिवशी चौघांनी ओढला तरी सुटंना, शेवटी छिन्नीनं तोडला. आज्जी म्हणायची वावटळीत भूत नाचतंय, तिच्यावर थुंका म्हणजे वाट बदलती. मग काय, पुढं साधी धुळीची वावटळ दिसली तरी आम्ही पोरं थू थू करत पळायचो, आणि थुंकी उडून परत आमच्याच तोंडावर!! ती वावटळ जमीन तापून खालनं वर उठती आणि टोर्नेडो गडगडाटी ढगातनं खाली उतरतो, हा फरक मला कॉलेजात कळला. आज्जीला सांगितला तर म्हणाली, "असू दे की, थुंकायला काय पैसं पडत्यात व्हय?"