सोलर बसवताय? अभिनंदन, आता बसा

पृथ्वी वाचवायची फार हौस आलेली दिसते तुम्हाला. मलाही आली होती. आता गच्चीवर ३ किलोवॉटची पॅनेलं नुसती तापत पडली आहेत आणि खाली हॉलमधला पंखा चंद्रपूरच्या कोळशावर फिरतोय. तेव्हा अनुभवी माणसाचे चार शब्द ऐका.

कर्ज बिनधास्त काढा. पटकन मिळतं हो! बँकेत ‘ग्रीन लोन’चा बोर्ड, त्यावर हिरवं पान, साहेब स्वतः चहा मागवतात. हप्ता लगेच सुरू होतो. वीज कधी सुरू होणार, हे मात्र बँकेला विचारू नका. त्यांच्या फॉर्मात तो रकानाच नाही.

लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर हा लेख इथेच सोडून द्या.

आकडे पाठ करा. गच्चीवरच्या सोलरसाठीची केंद्राची सूर्यघर योजना, फेब्रुवारी २०२४, एक कोटी घरं, ७५,०२१ कोटींची तरतूद, ३ किलोवॉटला ७८ हजारांची सबसिडी. पाहुण्यांपुढे बोलायला बरे पडतात.

आता नेट मीटर, म्हणजे घरात आलेली आणि बाहेर ग्रिडला दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर. अर्ज ऑनलाइन करा आणि त्याची प्रिंट ऑफिसात नेऊन द्या, कारण ऑनलाइन केलेला अर्ज तिथे ‘दिसत नाही’. दिसला की मीटर स्टॉकमध्ये नसतो. स्टॉक आला की तो टेस्टिंगला जातो. टेस्टिंग झालं की साहेब साइटवर, साहेब आले की वायरमन रजेवर. तोवर पॅनेलं चालू करायची नाहीत हं! जुना मीटर कधी कधी बाहेर गेलेली वीजही तुम्हीच वापरली असं मोजतो. म्हणजे ग्रिडला वीज द्यायची आणि वर तिचं बिलही आपणच भरायचं. वेंडर म्हणाला, “काका, एमसीबी पाडून ठेवा.” म्हणजे पॅनेलांचा स्विच बंद. ठेवलाय. सबसिडी? ती मीटर लागून तपासणीचा अहवाल पोर्टलवर चढल्यावर. तोपर्यंत व्याज पूर्ण रकमेवर. चांगल्या उन्हात ही पॅनेलं दिवसाला १२ युनिटांच्या आसपास देतात आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिटामागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. करा गुणाकार. रोजचे आठ किलो, एका सहीपायी! आणि माझं कर्ज मात्र बँकेच्या हरित खात्यात कधीच जमा झालंय. तिथे झाडं लावून झाली.

घाई करू नका. नेट झिरोचं, म्हणजे देशाने हवेत सोडलेला आणि शोषलेला कार्बन सारखा करण्याचं, साल २०७० आहे.

कोणी जास्तच चिडलं तर हरित रोख्यांवर, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांवर बोला. केंद्र सरकारने जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन हप्त्यांत ८-८ हजार कोटींचे काढले आणि ते विकलेही गेले. त्याच वर्षी इंदूर महापालिकेने नर्मदेचं पाणी उपसायला लागणाऱ्या सौर विजेसाठी अशाच रोख्यांतून २४४ कोटी उभे केले. म्हणजे पैसा मिळतो. ज्याचे हिशेब लोकांना पटतात, त्याला तर नक्कीच मिळतो.

मग अडतं कुठे? आता सरळच बोलतो. वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम २०२४ मध्ये बदलले. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट काढली, पॅनेलं बसल्याचा दाखला दिल्यावर १५ दिवसांत मीटर लावून जोडणी सुरू करा असं छापील सांगितलं. नियम आहे, कर्ज आहे, ऊन फुकट आहे. आलेल्या अर्जांना क्रमाने मीटर देण्याची दानत तेवढी नाही. ज्याची ओळख त्याचा मीटर आधी. माझ्या मागून अर्ज केलेल्याचा मीटर लागलेला मी रोज गल्लीतून जाताना बघतो. आणि बँकवाल्यांनो, कर्ज वाटलं की कार्बन वाचला, हे कुठलं गणित? फिरणारा मीटर मोजा, मंजुरीची पत्रं कसली मोजता! पंधरा दिवसांच्या वर गेलेल्या प्रत्येक दिवसाचं व्याज माझ्याकडून घेऊ नका. ज्याच्या टेबलावर फाइल पडून होती, त्याच्या पगारातून कापा.